आजीनं भरलेला मोती कुठं लावू?

प्रश्न (महाल, नागपूर): आजीनं मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यानं भरलेला आमचा मोती कुत्रा ट्रंकेत पडून होता. एक कान भलताच मोठा, पण नजर हुबेहूब. बैठकीत लावायचा आहे; तिथं दुपारचं ऊन येते अन् समोरच कूलर.

उत्तर १: भाऊ, तिथं नका लावू. उन्हानं दोऱ्याचा रंग उडते, कूलरच्या दमट हवेनं बुरशी धरते. काच कापडाला टेकू नये, मधात माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, टाकायला सांगा.

उत्तर २: अन् धुऊ नका बाप्पा! जुना लाल दोरा रंग सोडू शकते. फ्रेमवाल्याला फेविकॉल लावू देऊ नका, टाके घालूनच ताणायचं.

प्रश्नकर्ता: जीभ लालच आहे त्याची! आतल्या खोलीत लावतो. मोतीच्या साखळीला मात्र आईनं कपाटाच्या किल्ल्या अडकवल्या, ती काही फ्रेमसाठी देत नाही.