सिंधुदुर्गात कुटुंबासह राहणे कितपत सुरक्षित आहे?

प्रश्न : आई-वडील व दोन लहान मुलींसह डिसेंबरमध्ये आठवडाभर तारकर्लीला राहण्याचा विचार आहे. घर मुख्य रस्त्यापासून आत, माडांच्या बागेत आहे. तिथे रात्री चोरी किंवा छेडछाडीची भीती असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : मी मालवण तालुक्यातलाच आहे. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम साडेआठ लाख होती, आणि वाडीत अनोळखी माणूस दिसला की आजही त्याची विचारपूस होतेच. त्यामुळे तुम्ही निर्धास्त यावे. मला खरी काळजी वाटते ती समुद्राची. एप्रिल २०१७ मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले, ते दुःख आम्ही विसरलेलो नाही. मुलींना पाण्यात नेण्यापूर्वी ओहोटीची वेळ स्थानिक मच्छीमारांना अवश्य विचारा.

प्रतिसाद २ : सहमत आहे. तरीही किनाऱ्यावर मोटार लावताना पाकीट व मोबाइल आत दिसतील असे ठेवू नयेत. गर्दीच्या हंगामात भुरट्या चोऱ्या कुठेही होतात. अडचण आल्यास ११२ क्रमांकावर फोन करावा.

प्रतिसाद ३ : गोव्याला जाऊन परतणार असाल, तर तिथली स्वस्त दारू सोबत आणू नका. विनापरवाना वाहतूक हा महाराष्ट्रात गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर वाहने तपासली जातात.