जिप्सम बोर्डच्या सांध्यावरची टेप फुगते, काय करू?

प्रश्न (मुलुंड): हॉलमध्ये पार्टिशन केलंय. सांध्यावरची कागदी टेप मधेच फुगते. टेपिंगचा बॅन्जो (टेपला माल लावून देणारं हातातलं हत्यार) घेतला तर फरक पडेल का?

उत्तर (परळ, पार्टिशनचीच कामं करतो): ताई, टेपखाली माल, म्हणजे सांधा भरायचं जॉइंटिंग कंपाउंड, कमी पडला की फुगा येतो. आधी सांध्यावर माल भरपूर लावा, टेप ठेवा, मग सहा इंची पत्रा (माल पसरायची रुंद पाती) दाबून ओढा. दोन्ही कडांनी माल सारखा बाहेर यायला हवा. जिथे येत नाही, तिथे टेप उचलून परत भरा. वाळल्यावर दुसरा हात दहा इंची पत्र्याने, तिसरा त्याहून रुंद. कापलेल्या कडांचा सांधा असेल तर माल आणखी पसरवा, नाहीतर ट्यूबलाइटच्या तिरक्या उजेडात उंचवटा दिसणारच. बॅन्जोतून टेप मालासकट निघते, हात भराभर चालतो. पण एका भिंतीसाठी खर्च नको.

दुसरे सदस्य (डोंबिवली): जाळीची टेप चालेल?

उत्तर (परळ): चालेल, पण तिच्यावर पाण्यात कालवायची, सिमेंटसारखी घट्ट होणारी जॉइंटिंग पावडर हवी. कोपऱ्यात कागदीच, ती मधोमध नीट दुमडते. आणि पावसाळ्यात बादलीतला तयार माल फार सावकाश वाळतो. पंखा लावा, घाई करू नका.