गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायला तुम्ही काय करता? अनुभव सांगा

रोज वाकड ते मगरपट्टा, जाऊन येऊन पन्नासेक किमी होतात. पेट्रोल कार आहे, 12 च्या वर अ‍ॅव्हरेजच नव्हतं. दोन महिने झाले एकच सवय लावली, पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, उगाच पळवत नेऊन ब्रेक मारायचा नाही. टाकी फुल टू फुल मोजलं, 14.5 आलं. तुमचं पण लिहा.

--

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. डेपोत केपीटीएल काढायचे, म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किमी गेली ते. बाबा म्हणायचे ब्रेक कमी लागला म्हणजे डिझेल वाचलं. मी गाडी शिकताना शेजारी बसून पाय बघायचे, क्लचवर नुसता ठेवलेला दिसला तरी ओरडायचे.

--

एक कळकळीची विनंती, घाट उतरताना न्यूट्रल करू नका. मी महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना आंबेनळीत तेच करायचो, एकदा ब्रेक इतके तापले की जळका वास यायला लागला आणि पेडल खाली जायला लागलं, बायको मुलं गाडीत होती, आजही आठवलं की घाम फुटतो. नंतर मेकॅनिकने समजावलं की आताच्या इंजेक्शनवाल्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं जळत राहतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वाचत काहीच नव्हतं. आता दुसऱ्या तिसऱ्यावरच उतरतो.

--

दादा अगदी बरोबर. माझी स्कूटर आहे, दर रविवारी सकाळी टायर गार असताना हवा भरते, पंप घराजवळच आहे. हवा कमी असली की गाडी जड चालते ते हाताला कळतंच.

--

एक्सप्रेसवेला 100 ऐवजी 80 ने जाऊन बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 100 ला तो 80 च्या दीडपटीहून जास्त होतो. रस्ता सगळा मिळून 94 किमी, घाटात तसंही हळू जावं लागतं, त्यामुळे पंधरा मिनिटंसुद्धा वाचत नाहीत. आणि टपावरचा कॅरिअर, सामान नसेल तेव्हा काढून ठेवा, आम्ही गणपतीला गावाला जाताना लावतो आणि आल्यावर लगेच उतरवतो.

--

कॅरिअर माझा वर्षभर वरच आहे, या रविवारी काढतो. पुढची टाकी भरली की आकडा इथंच टाकेन.