मदत हवी आहे: शॉवरचं पाणी मध्येच चटका देतं, मध्येच गार

नमस्कार मंडळी. इंदूर, राजेंद्र नगर. 15 लिटरचा उभा गिझर, 2 किलोवॅट, थर्मोस्टॅट 55 अंशांवर. गच्चीवरच्या टाकीतली पातळी शॉवरपासून जेमतेम अडीच मीटर वर, म्हणजे दाब पाव बार. पंप नाही. टाकीत नर्मदेचं आणि बोअरचं पाणी एकत्र येतं.

फ्लशची टाकी भरू लागली की शॉवर एकदम कढत. हे समजतं: गार पाण्याची लाइन दोघांना एकच, पाऊण इंची, त्यामुळे गारचा दाब पडतो. पण फ्लश बंद असतानाही धार दोन-तीन मिनिटांनी गार होते, ते कोडं आहे.

बादली लावून मोजलं. 10 लिटरला गार नळ 1 मिनिट 10 सेकंद, गरम 3 मिनिटं 20 सेकंद. गिझर बंद करून त्याचा इनलेट कॉक बंद केला, शॉवरचा मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारा नळ) मधोमध ठेवून बेसिनचा गरम नळ उघडला. चार थेंब पडून थांबला, म्हणजे मिक्सरच्या कार्ट्रिजमधून (आतल्या मिसळणाऱ्या भागातून) गार पाणी गरमच्या लाइनीत शिरत नाही. शॉवरची जाळी काढली तर पांढरे, अंड्याच्या टरफलासारखे क्षाराचे पापुद्रे निघाले. संशय गिझरच्या इनलेटवरच्या मल्टिफंक्शन व्हॉल्व्हवर (पाणी उलटं जाऊ न देणारा आणि जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह). तो काढून साधा निपल (जोडनळी) लावा असं सुचवतात, पण जादा दाब तोच सोडतो, म्हणून तो काढणार नाही.

व्हॉल्व्ह बदलावा की आधी गिझरच्या टाकीतला क्षार काढावा? आणि पाव बारवर थर्मोस्टॅटिक मिक्सर (पाण्याचं तापमान आपोआप एकसारखं राखणारा) नीट चालतो का? कुणी बसवलाय?