मदत हवी आहे : गॅडोलिनियम-अ‍ॅल्युमिनियम (१:२) च्या रोधाच्या आलेखात २९० केल्विनजवळ दुसरा बाक

टिळकवाडीकर :
एम.एस्सी. प्रकल्पासाठी ३.७२ ग्रॅम गॅडोलिनियम आणि १.२८ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम आर्गनमध्ये आर्क फर्नेसवर वितळवून गोळी केली, दोनदा उलटवली. उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) वायर-कटवर (तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणारं यंत्र) १ × १ × १० मि.मी.ची कांडी कापून घेतली. सिल्व्हर पेस्टने चार तारा, मधल्या दोन तारांत ५ मि.मी. अंतर, प्रवाह १० मिलिअँपिअर, ७७ केल्विनपासून वर मोजणी. क्युरी तापमान (ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसं होतं) १६८ केल्विनच्या आसपास यायला हवं. थंड करताना बाक १६१ ला येतो, तापवताना १७६ ला, आणि २९० जवळ आणखी एक बारीक बाक दिसतो. नमुना बाद समजायचा का? धातू थोडाच उरलाय.

निपाणीकर :
बाद नाही. आधी १५ केल्विनची तफावत बघा. या संयुगाचं चुंबकीय संक्रमण दुसऱ्या प्रकारचं (सलग, उडी न घेणारं) आहे, त्यात खरा हिस्टेरेसिस (थंड करताना आणि तापवताना बाक वेगळ्या जागी येणं) नसतो. तुमचा तापमापी आणि कांडी वेगवेगळ्या तापमानाला आहेत. पीटी-१०० (प्लॅटिनमचा तापमापी) नायट्रोजनच्या वाफेत लोंबकळत ठेवू नका. कांडी आणि तो, दोन्ही एकाच तांब्याच्या ठोकळ्यावर ग्रीस लावून बसवा. मध्ये सिगारेटचा कागद घाला, नाहीतर कांडी शॉर्ट होईल. मिनिटाला १ केल्विनपेक्षा जास्त वेग नको.

प्रवाह १०० मिलिअँपिअर करा. कांडीचा रोध काही मिलिओहम, म्हणजे १० मिलिअँपिअरवर मिळतात जेमतेम काही दशक मायक्रोव्होल्ट, आणि तारांच्या जोडांवरचा उष्णताजन्य व्होल्टेजच त्यात २-३ मायक्रोव्होल्ट मिसळतो. दर बिंदूला प्रवाह उलटा करून दोन्ही वाचनांच्या फरकाचा निम्मा घ्या. बाक डोळ्यांनी ठरवू नका, रोधाचा तापमानाशी उतार काढा, तो जिथे एकदम बदलतो तिथे बाक.

खानापूर_लॅब :
२९० चा बाक मला शुद्ध गॅडोलिनियमचा वाटतो, त्याचं क्युरी तापमान साधारण २९३ आहे. ताडून बघायला कांडी नको, गोळीचा उरलेला तुकडा घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधी बर्फाच्या पाण्यात, मग ४० अंशाच्या पाण्यात निओडिमियम चुंबकाने ओढून बघा. संयुग दोन्हीकडे थोडंच ओढलं जाईल. मोकळं गॅडोलिनियम असेल तर बर्फात जोरात चिकटेल आणि कोमट पाण्यात ओढ एकदम गळेल. (बेळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी बर्फही लागत नाही, खोलीच २० अंशांखाली असते.)

टिळकवाडीकर :
सर, बर्फात घट्ट चिकटतं, कोमट पाण्यात जवळपास सुटतं.

निपाणीकर :
मग वितळण अर्धवट राहिलं. थंड तांब्याच्या चुलीला टेकलेला भाग वितळतच नाही, दोनदा उलटवणं कमी पडतं. गॅडोलिनियम मोकळं राहिलं म्हणजे दुसरीकडे अ‍ॅल्युमिनियम जास्त झालं. तिथे १:३ चं संयुग बनतं, पण त्याचं संक्रमण द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्या खाली असल्याने तुमच्या आलेखात दिसणार नाही.

नवा धातू वापरू नका. उरलेली गोळी फोडा, तुकडे घासून अ‍ॅसिटोनमध्ये धुवा. आधी टायटॅनियमचा गेटर (आर्गनमधला उरलेला ऑक्सिजन शोषून घेणारा तुकडा) २ मिनिटं वितळवा, मग तुकडे ५ वेळा उलटवत वितळवा. वजनातली घट ०.५ टक्क्यांच्या आत हवी. नंतर टँटलम फॉइलमध्ये गुंडाळून निर्वात क्वार्ट्‌झ नळीत ८०० अंशांवर आठवडाभर ठेवा. फॉइल विसरलात तर गॅडोलिनियम क्वार्ट्‌झमधला ऑक्सिजन ओढून घेईल. वायर-कट सावकाश चालवायला सांगा, हे संयुग ठिसूळ असतं. भेगा पडल्या तर रोधाचा आकडा फुगेल, बाकाची जागा मात्र हलणार नाही.