स्नॅपशॉट लावून रिलीज? चवथीची घाई आवरा

पर्वरी_बिल्ड: काल कुणी इथं सल्ला दिला, 'लायब्ररीची १.४.० आलेली नाही? स्नॅपशॉट लावून रिलीज काढा, चवथीनंतर बदलू.' अहो, स्नॅपशॉट म्हणजे अजून बनत असलेली, बदलती आवृत्ती. मेव्हनची (जावा प्रोग्राम बांधायचं साधन) रिलीज:प्रिपेअर ही रिलीजची तयारी करणारी आज्ञा ती दिसताच अडते ते उगाच का? आज एक जार (जावा कोडची बांधलेली फाइल), उद्या त्याच नावाचा दुसरा. महिन्यानं तोच टॅग (कोडवर लावलेली रिलीजची खूण) बिल्ड केलात की वेगळाच माल. लायब्ररीच्या कोडमधलं हवं ते कमिट (नोंदवलेला बदल) घ्या, पक्का क्रमांक देऊन आपल्या नेक्ससवर (जार साठवायचा सर्व्हर) चढवा, मग रिलीज.

म्हापशेंचो_देव्ह: 'कुणी' म्हणजे मीच. व्हर्जन्स:लॉक-स्नॅपशॉट्स ही आज्ञा ऐकलीय? पोममध्ये (मेव्हन प्रकल्पाची मांडणी-फाइल) स्नॅपशॉटची तारीख, वेळ, बिल्ड क्रमांक सगळं येतं. तो जार बदलत नाही.

पर्वरी_बिल्ड: बदलत नाही, गायब होतो. नेक्ससवर जुने स्नॅपशॉट झाडायचा नियम लावलेला असला की संपलं.

फोंडा_जार: तुमचा 'पक्का क्रमांक' तरी कोणता? १.४.०-आमची-१ दिलंत तर फसलात. मेव्हन अनोळखी शेपटाची आवृत्ती १.४.० च्या वर धरतं. खरी १.४.० आली तरी अपडेट शोधणारं प्लगइन गप्प. १.३.२-आमची-१ द्या, म्हणजे ती १.३.२ आणि १.४.० च्या मधे बसते.

वास्को_नोड: एनपीएममध्ये (जावास्क्रिप्टचं पॅकेज-साधन) नेमकं उलटं! हायफन लागलं की प्रीरिलीज (रिलीजआधीची आवृत्ती), म्हणजे १.३.२ च्याही खाली. ^१.३.२ (१.३.२ किंवा तिच्या वरची, पण २ च्या खालची) मागणाऱ्या पॅकेजला ती चालत नाही, ते मूळ प्रत वेगळी ओढतं. मग ओव्हरराइड्स (आवृत्ती जबरीनं ठरवणं), तेही फक्त सर्वांत वरच्या पॅकेज.जेसनमध्ये लिहिलं तरच.

फोंडा_जार: पात्रांव, इथं पोमची गोष्ट चाललीय.

वास्को_नोड: डिपेंडन्सी (प्रोग्रामला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्रऱ्या) काय जावावाल्यांनी आंदण घेतलीय?

पर्वरी_बिल्ड: भांडा खुशाल. मी तर ग्रुप-आयडीही (जार कुणाचा हे सांगणारं नाव) बदला म्हणेन, फोर्क (आपण काढलेली वेगळी प्रत) लगेच ओळखू येतो.

फोंडा_जार: अजिबात नको! दुसरी एखादी लायब्ररी मूळ जार आणणारच. ग्रुप-आयडी वेगळा म्हणजे मेव्हनच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू, दोन्ही क्लासपाथवर (जावा कोड जिथं शोधतं ती यादी). तेच क्लास दोनदा, कुठला लोड होईल ते क्रमावर. नो-सच-मेथड-एरर (हवी ती मेथड सापडत नाही) चालू प्रोग्राममध्ये येतो, बिल्ड हिरवंगार.

पर्वरी_बिल्ड: एक्स्क्लूजन (मूळ जार वगळायची सूचना) लावायचं ना.

फोंडा_जार: प्रत्येक ठिकाणी? पोमच्या डिपेंडन्सी-मॅनेजमेंटमध्ये (आवृत्ती एकाच जागी ठरवायचा भाग) एक ओळ पुरते, ग्रुप-आयडी तोच असेल तर.

पर्वरी_बिल्ड: ...बरं. तेवढं मान्य.

म्हापशेंचो_देव्ह: वा, शेवटी कुणीतरी नमलं! स्नॅपशॉटचं माझं चुकलं, घ्या. पण फोर्कमधला बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवायचा कोणी? नाहीतर १.३.२-आमची-९ होईपर्यंत शिमगा येईल.

फोंडा_जार: फोर्क करताना त्याच दिवशी मूळ प्रकल्पाकडे पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) टाका, तिची लिंक पोममध्ये त्या ओळीच्या वर कॉमेंटमध्ये. १.४.० आली की ती ओळ काढायची.