बाईंचं गप्प बसणं मी 'संस्कृती' म्हणून फाइलमध्ये लिहिलं

प्रश्न | चौथ्या वर्षातली कार्यकर्ती

मी बालसंरक्षणात काम करते. एका स्थलांतरित कुटुंबाकडे माझ्या ५ गृहभेटी झाल्या. आईंना इथली भाषा येत नाही, म्हणून त्यांचा ११ वर्षांचा मुलगा मध्ये बसून सांगायचा. त्या खाली बघत दोन-तीन शब्दांत उत्तर द्यायच्या. प्रशिक्षणात आम्हाला समाजवार टिपणं मिळाली होती. 'या समाजातल्या बायका परक्यांशी कमी बोलतात' असं त्यात होतं. मी केस नोटमध्ये तेच उतरवलं : 'अबोलपणा सांस्कृतिक.'

सहाव्या भेटीला प्रशिक्षित दुभाषी मिळाली आणि मुलगा शाळेत होता. बाई सव्वा तास बोलल्या. 'नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मुलाच्या तोंडून मी कसं सांगणार होते?' असं त्यांनीच मला विचारलं.

सांस्कृतिक जाणीव यावी म्हणून मी मन लावून शिकले, आणि शिकलेलं हाताशी होतं म्हणूनच पुढचं काही विचारलं नाही. मग सांस्कृतिक नम्रता, म्हणजे आपल्याला कळलंय असं न धरता समोरच्यालाच विचारत राहणं, यासाठी भेटीत, फाइलमध्ये नेमकं काय करायचं?

उत्तर | सुपरव्हायजर

ही कल्पना १९९८ मध्ये मेलनी टर्वलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकन डॉक्टरांनी वैद्यकीय शिक्षणासाठी मांडली. त्यांच्या लेखातला एक प्रसंग तुमच्या अनुभवाच्या फार जवळचा आहे. शस्त्रक्रियेनंतर एक लॅटिन अमेरिकन वंशाची बाई कण्हत होती. तिला खूप दुखतंय असं एका डॉक्टरांनी म्हटलं, तर नर्सनं ते उडवून लावलं. हे रुग्ण वेदना वाढवून दाखवतात, हे ती म्हणे अभ्यासक्रमात शिकली होती.

ज्ञान टाकून द्या, असं त्या लेखिका म्हणत नाहीत. स्वतःला जन्मभर तपासत राहा आणि आपल्या हातातल्या सत्तेचं भान ठेवून आपल्यातली आणि समोरच्यातली तफावत कमी करा, हा त्यांचा आग्रह. मूल घरात राहील की नाही, हे ठरण्यात आपल्या नोंदीचा वाटा असतो, याहून मोठी तफावत कोणती? मी टिपणातल्या प्रत्येक विधानाचा प्रश्न करून नेतो. 'कमी बोलतात' असं असेल तर विचारतो, 'कुणासमोर बोलणं तुम्हाला सोयीचं जाईल?'

उत्तर | पूर्वीचा 'घरचा दुभाषी'

त्या मुलाच्या जागी मी होतो. आईचं लांबलचक वाक्य मी कितीदा 'ठीक आहे' एवढंच करून सांगितलंय, कारण उरलेलं उच्चारायची मला भीती वाटायची. मुलाला मध्ये बसवू नका, एवढं पाळलं तरी खूप झालं.

पण जाणिवेला सगळा दोष देऊ नका. 'आम्हाला काही ठाऊक नाही, तुम्हीच शिकवा' म्हणत आमच्याकडे दर वेळी नवी बाई यायची, आणि आई पहिल्यापासून सगळं सांगून थकून जायची. अभ्यास करूनच या, फक्त तो आमच्यावर चिकटवू नका.

उत्तर | दुसऱ्या विभागातली सहकारी

आणि दुभाषी सहाव्या भेटीला का मिळाली, हेही कार्यालयात विचारा. १९९८ च्या त्या लेखात संस्थेची जबाबदारीही मांडलेली आहे. सगळा भार एकट्या कार्यकर्तीच्या स्वभावावर टाकून संस्था मोकळी होते, याचा मला राग येतो.

प्रश्नकर्ती

दुभाषीसाठी लेखी मागणी दिली. जुनी नोंद खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली, 'बाई अबोल नव्हत्या, मी मुलामार्फत विचारत होते.' ही दुरुस्ती नवऱ्याच्या हाती पडणार नाही याची आधी खात्री केली. उद्या कार्यालयातच, दुभाषीच्या मदतीनं, बाईंना ती वाचून दाखवणार आहे. त्यांना काही बदलायचं असेल तर तेही लिहीन.